कोलोरॅडोची लाइन: डिऑन सँडर्स यांना खुले पत्र

श्री. डिऑन सँडर्स,
मुख्य प्रशिक्षक, कोलोरॅडो विद्यापीठ फुटबॉल संघ, बोल्डर



तुमच्या संघाला चेंडू घेऊन पळता येत नाही, ही तक्रार तुम्हाला नवी नाही. २०२३ मध्ये, तुमच्या पहिल्या हंगामात, कोलोरॅडोने दर सामन्याला सरासरी ६८.९ यार्ड धावून मिळवले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटातल्या १३३ संघांत हा आकडा सर्वांत कमी होता. पुढच्या वर्षी संघ ९-४ असा झळकला, ट्रॅव्हिस हंटरने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक पटकावला, आणि धावेची सरासरी आणखी खाली, ६५.२ वर आली. या वेळी संघ १३४ आणि क्रमांक पुन्हा शेवटचा. साधारण संघ सामन्याला दीडशेच्या आसपास यार्ड धावून काढतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांची दुरवस्था कळते. मराठीत लिहितो आहे, कारण शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या नादाने शनिवारचे सामने पाहणारा एक मराठी प्रेक्षकवर्ग आता तयार झाला आहे, आणि या दुखण्याचे जे निदान सर्रास सांगितले जाते ते त्यालाही पटलेले दिसते. माझ्या मते ते निदान चुकीचे आहे. तुमचे दुखणे रनिंग बॅकच्या पायात नाही आणि पासिंगच्या हौसेतही नाही. चेंडूच्या पुढे जे पाच जण उभे राहतात, ती लाइन तुम्ही दरवर्षी मोडता आणि दरवर्षी नव्याने उभारता. धावेचा खेळ असा उभा राहत नाही.

खेळाशी फारसा परिचय नसलेल्यांसाठी दोन शब्द. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. सरकायचे दोन मार्ग: क्वार्टरबॅकने चेंडू हवेतून फेकायचा, किंवा रनिंग बॅकच्या हातात द्यायचा आणि त्याने गर्दीतून वाट काढत पळायचे. ती वाट तो स्वतः काढत नाही. सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे दोन गार्ड आणि टोकांचे दोन टॅकल, असे पाच धिप्पाड गडी ती काढून देतात. त्यांच्या हाताला चेंडू सहसा लागतही नाही.

हे सगळे बोल्डरमध्ये घडावे, यात एक विशेष खंत आहे. तुमच्या विद्यापीठाची कीर्ती पळण्यावर उभी राहिली. १९९० साली बिल मॅकार्टनी यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जॉर्जिया टेकबरोबर वाटून घेतले, त्या वर्षी एरिक बिएनेमी १,६२८ यार्ड धावला. १९९४ मध्ये रशान सलाम २,०५५ यार्ड धावला आणि हाइझमन घेऊन गेला. २००१ मध्ये नेब्रास्काला ६२-३६ असे लोळवले, तेव्हा एकट्या ख्रिस ब्राउनने धावून सहा टचडाउन केले. फॉल्सम फील्डवर आजही सामन्याआधी राल्फी नावाची जिवंत अमेरिकन बायसन मैदानभर धावते. तिला आवरायला पाच माणसे दोर धरून पळतात. त्यानंतरच्या तीन तासांत तिच्याइतके सरळ पुढे जाणारे काही हल्ली दिसत नाही, एवढेच म्हणतो.

आता तुमच्या बाजूने केला जाणारा पहिला बचाव. कॉलेज फुटबॉलच्या हिशेबात एक खोच आहे: क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच मागे पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर गमावलेले यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते पासिंगच्या खात्यात पडतात. तुमचे चिरंजीव शेडूर २०२३ मध्ये ११ सामन्यांत ५२ वेळा आणि २०२४ मध्ये ४२ वेळा सॅक झाले. मग आकडा खोटा खराब दिसतो, असे समर्थक म्हणतात. म्हणणे रास्त आहे, तेव्हा हिशेब मांडूनच पाहू. एका सॅकमागे सात यार्ड गेले असे धरू. हे उदार अनुमान आहे. २०२३ च्या १२ सामन्यांत संघाने एकूण सुमारे ८२७ यार्ड मिळवले. त्यांत ५२ सॅकचे ३६४ परत घातले तर सरासरी ९९ होते. २०२४ च्या १३ सामन्यांतल्या ८४८ मध्ये २९४ घातले तर ८८. म्हणजे शेडूर यांचे सगळे सॅक माफ केले तरी शंभरी गाठता येत नाही, आणि दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा वाईटच निघते. शिवाय हा बचाव नीट पाहिला तर उलटतो. सॅक कोणाच्या चुकीने होतात? कधी क्वार्टरबॅक चेंडू फार वेळ धरून ठेवतो म्हणून, आणि शेडूर यांना ती सवय होती हे कोणीही सांगेल. पण बहुतेक वेळा समोरच्याला रोखायचे काम ज्या पाच जणांचे, त्यांच्यातून कोणीतरी सुटून येतो म्हणून. धावेचे यार्ड आणि सॅकचे यार्ड या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकाच जागेची गळती दोन खात्यांत दिसते आहे.

दुसरा बचाव म्हणजे पळणारेच बरे नव्हते. तुम्हालाही तो पटला असावा, कारण २०२५ साली तुम्ही मार्शल फॉक यांना रनिंग बॅक्सचे प्रशिक्षक म्हणून आणले. फॉक हे या खेळातल्या सर्वोत्तम रनिंग बॅक्सपैकी एक. २००० सालचे एनएफएलचे सर्वोत्कृष्ट खेळाडू, आणि २०११ मध्ये तुमच्याच बरोबर हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. त्यांच्या ज्ञानाविषयी बोलायची कोणाची प्राज्ञा नाही. पण २०२३ च्या तुमच्या संघातले पळणारे पुढे कुठे गेले ते पाहा. डिलन एडवर्ड्स तुमच्याकडे ३२१ यार्ड धावला, एका धावेला चार यार्डांहून थोडे अधिक. तो कॅन्सस स्टेटला गेला, आणि तिथे पुढच्याच हंगामात त्याची एका धावेची सरासरी सात यार्डांच्या पुढे गेली; रटगर्सविरुद्धच्या हंगामाअखेरच्या बोल सामन्यात तो एकटा १९६ यार्ड धावला. त्याच २०२३ च्या संघात अँथनी हँकरसन होता. तुमच्याकडे त्याच्याही नावावर साधारण तेवढेच यार्ड. तो ओरेगन स्टेटला गेला आणि तिथे २०२४ मध्ये हजाराहून अधिक यार्ड आणि १५ टचडाउन. ओरेगन स्टेटचा तो संघ काही दिग्विजयी नव्हता, हंगाम त्याने ५-७ असा संपवला. एक मुलगा दुसरीकडे जाऊन खुलला तर योगायोग म्हणता येईल. एकाच वर्षी बाहेर पडलेले दोघे, दोन वेगळ्या विद्यापीठांत, दोन वेगळ्या पद्धतींच्या खेळात खुलतात तेव्हा त्यांच्या पायांना दोष देणे अवघड जाते. आकड्यांची तुलना अगदी काटेकोर नाही, प्रतिस्पर्धी वेगळे होते, भूमिका वेगळ्या होत्या, हे मान्य. तरी त्या दोघांच्या पुढे उभे असलेले पाच जणही वेगळे होते, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

हे पाच जण नक्की काय करतात ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचे पटणार नाही. सगळ्यांत साधी धाव घ्या, तिला इनसाइड झोन म्हणतात. तिसरा प्रयत्न आहे, एक यार्ड हवा आहे. सेंटर आणि उजवा गार्ड यांच्यामध्ये समोरचा एक डिफेन्सिव्ह टॅकल बसला आहे, दीडशे किलोंच्या आसपास. चेंडू निघताच दोघांनी उजवीकडे एक आखूड पाऊल टाकायचे, वीतभर, त्याहून मोठे नाही. दोघांचे खांदे एकमेकांना भिडलेले, दोघांचे हात त्या टॅकलच्या छातीवर. त्याला मागे रेटत असताना दोघांचे डोळे मात्र चार यार्ड मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर. तो लाइनबॅकर डावीकडून आला तर सेंटरने टॅकलला सोडून त्याच्या अंगावर जायचे आणि गार्डने टॅकल एकट्याने सांभाळायचा. उजवीकडून आला तर उलट. कोणी सुटायचे हे आधी ठरलेले नसते आणि बोलायला वेळ नसतो. अर्ध्या सेकंदाने लवकर सुटला तर टॅकल मोकळा होऊन पळणाऱ्याला मागेच गाठतो. अर्ध्या सेकंदाने उशिरा सुटला तर लाइनबॅकर फटीत येऊन उभा. शेजारच्याचा खांदा किंचित ढिला पडला की तो आता सुटणार, हे अंगाला कळावे लागते. आपल्या कबड्डीत कॉर्नर आणि कव्हर यांची साखळी जशी हातातल्या ताणावरून ओळखते की आता झेपायचे, तशीच ही समज असते, आणि तीही एका शिबिरात येत नाही. याउलट पासिंगच्या वेळी लाइनमनचे काम बरेचसे ज्याचे त्याचे: आपल्यासमोरचा अडवायचा, मागे सरकत सरकत, शक्य तितका वेळ. तिथेही समन्वय लागतो, पण चांगल्या ताकदीचा, चांगल्या पायांचा नवखा मुलगा एकट्याच्या गुणांवर बरेच निभावून नेतो. जॉर्डन सीटन हा त्या वर्षीच्या सर्वांत नावाजलेल्या शालेय लाइनमनपैकी एक, २०२४ मध्ये कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तुमचा लेफ्ट टॅकल झाला आणि निभावला. धावेत मात्र पाचही जण एका वेळी बरोबर असावे लागतात. चौघे बरोबर आणि एक चूक, तर हिशेब शून्य यार्ड.

या पार्श्वभूमीवर तुमची तीन वर्षे पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये बोल्डरला आल्यावर पहिल्याच बैठकीत तुम्ही जुन्या खेळाडूंना सांगितलेत की मी माझे सामान बरोबर घेऊन येतो आहे आणि ते लुई व्हितॉनचे आहे. १-११ असा हंगाम गेलेल्या संघाला हलवून सोडायला ते वाक्य कदाचित लागतही असेल. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या बाजारातून, तुम्ही पन्नासच्या वर खेळाडू आणलेत. शिष्यवृत्तीवरचे जुने बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यातून २०२३ ची लाइन उभी राहिली. ती फसली, म्हणून २०२४ साठी पोर्टलमधून पुन्हा जवळजवळ सगळी नवी लाइन आली: कोणी ह्यूस्टनहून, कोणी एल पासोहून, कोणी कनेक्टिकटहून, कोणी इंडियानाहून. २०२५ मध्ये पुन्हा नवे चेहरे. लाइनचे प्रशिक्षकही तसेच: २०२३ मध्ये बिल ओबॉइल, २०२४ मध्ये फिल लोडहोल्ट, ते मिसिसिपी स्टेटला गेल्यावर २०२५ मध्ये आणखी कोणी. तीन हंगाम, तीन गुरू. त्यांच्या वरचे आक्रमणाचे सूत्रधारही बदलले. शॉन लुइस यांच्याकडून पहिला हंगाम चालू असतानाच चाली ठरवण्याचे काम काढून पॅट शर्मर यांना दिले गेले, आणि २०२५ च्या हंगामात शर्मर यांच्याकडूनही ते काढले गेले. ज्या कामात शेजारच्याच्या खांद्याचा ताण ओळखावा लागतो, त्या कामात शेजारी दरवर्षी बदलतो, शिकवणारा बदलतो आणि चालींची भाषाही बदलते. हे पाहिल्यावर ६५.२ हा आकडा मला आश्चर्याचा वाटत नाही. उलट तो एवढा तरी कसा झाला, असे वाटते.

बाजारातून लाइन का उभी राहत नाही, याला आणखी एक साधे कारण आहे. अठरा वर्षांचा लाइनमन शाळेतून येतो तेव्हा तो उंच असतो, पण पुरता भरलेला नसतो. व्यायामशाळेत दोन-तीन वर्षे घालवून तो वीस किलो चढवतो, मग त्याचा खेळ सुरू होतो. ज्या विद्यापीठाने त्याच्यावर ती दोन-तीन वर्षे खर्च केली, ते त्याला सहजासहजी सोडत नाही. चांगला झाला तर खेळवते, पैसे देते, ठेवून घेते. म्हणून पोर्टलमध्ये उत्तम रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, भरपूर सापडतात, उत्तम कॉर्नरबॅक सापडतात, तयार लाइनमन मात्र थोडे, आणि त्यांतले बरेचसे आधीच्या ठिकाणी जागा न मिळालेले. तुमचा भर शाळेतून मुले घेण्यावर कमी राहिला आहे. इतर जागांसाठी ते धोरण चालून जाईलही. लाइनसाठी ते चालत नाही.

आता सर्वांत तगडा आक्षेप. धावता येत नसेना का, संघ ९-४ झालाच की. शेडूर यांनी २०२४ मध्ये ४,१३४ यार्ड आणि ३७ टचडाउनचे पासिंग केले. चेंडू हवेतून जात असेल तर जमिनीवरून नेण्याचा हट्ट कशाला? माइक लीच यांनी आख्खी कारकीर्द हेच दाखवण्यात घालवली. २०१८ मध्ये त्यांचा वॉशिंग्टन स्टेटचा संघ धावेच्या यादीत तळाशी होता आणि ११-२ असा जिंकला. हा आक्षेप मी हलका घेत नाही, लीच यांचे उदाहरण खरे आहे. पण लीच यांनी न धावणे निवडले होते आणि त्या निवडीला साजेसा सगळा खेळ बांधला होता: लाइनमनमध्ये रुंद अंतरे, चेंडू झटपट हातावेगळा करणे, त्याच त्या मोजक्या चालींची वर्षानुवर्षे घोटाई. त्यांचा क्वार्टरबॅक गार्डनर मिन्श्यू क्वचितच सॅक झाला. ज्याचा क्वार्टरबॅक दोन वर्षांत ९४ वेळा सॅक होतो, तो संघ न धावणे निवडत नसतो. त्याला धावता येत नाही, हे समोरच्याला ठाऊक असते, आणि समोरचे बचावपटू चाल काय आहे याची वाट न पाहता थेट क्वार्टरबॅकच्या दिशेने सुटतात. हंटरसारखा रिसीव्हर समोर असताना प्रतिस्पर्ध्याला दोन माणसे खोल मागे ठेवणे भाग पडते, म्हणजे पुढे गर्दी कमी राहते. धावायला यापेक्षा सोयीची परिस्थिती मिळत नाही. तशा परिस्थितीत सप्टेंबर २०२४ मध्ये नेब्रास्काविरुद्ध तुमचा संघ संपूर्ण सामन्यात १६ यार्ड धावला आणि २८-१० हरला.

लक्षणे तर पहिल्याच सामन्यात होती. सप्टेंबर २०२३ मध्ये, आधीच्या वर्षीच्या उपविजेत्या टीसीयूला तुम्ही त्यांच्या मैदानावर ४५-४२ हरवलेत आणि देशभर तुमचा जयजयकार झाला. शेडूर यांचे ५१० यार्डांचे पासिंग सगळ्यांनी पाहिले. धावेचे ५५ यार्ड कोणी पाहिले नाहीत. सहा आठवड्यांनी स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी होती, आणि सामना दोन जादा डावांनंतर ४६-४३ असा हातचा गेला. त्या रात्री बचावफळी ढेपाळली हे उघड आहे, आणि दोष मुख्यतः तिचाच. तरीही २९ गुणांच्या आघाडीवरचा संघ उत्तरार्धात काय करतो? पळतो. धाव मैदानातच संपली तर घड्याळ चालू राहते. पास जमिनीवर पडला तर ते थांबते. धावणारा संघ दर चालीला घड्याळातून अर्धे-पाऊण मिनिट काढून घेतो आणि आपल्या थकलेल्या बचावफळीला बाकावर बसू देतो. तुमच्याकडे ते हत्यारच नव्हते.

२०२४ चा नोव्हेंबर अधिक बोलका आहे. तुमच्या बिग १२ गटाच्या अंतिम सामन्याची वाट तुमच्या हातात होती. कॅन्ससने ती अडवली, ३७-२१. त्यांचा डेव्हिन नील २०७ यार्ड धावला, आणि साठपैकी सुमारे चाळीस मिनिटे चेंडू कॅन्ससकडे राहिला. हंटर आणि शेडूर यांना हरवायची उत्तम युक्ती म्हणजे त्यांना कडेला उभे ठेवणे. हंगामाअखेर चार संघ ७-२ अशा बरोबरीत आले, नियमांच्या गाळणीतून तुम्ही आणि ब्रिगम यंग बाहेर राहिलात, अॅरिझोना स्टेट आणि आयोवा स्टेट अंतिम सामन्यात गेले. अॅरिझोना स्टेटने तो ४५-१९ जिंकला आणि राष्ट्रीय प्लेऑफ गाठला. त्यांच्याकडे हंटर नव्हता. त्यांच्याकडे हंगामात १,७११ यार्ड धावलेला कॅम स्कॅटेबो होता. तो संघ आदल्या वर्षी ३-९ होता, हेही नोंदवून ठेवावे. आणि याहून मोठी किंमत एका मुलाच्या शरीराने मोजली: २०२३ चा शेवटचा सामना शेडूर खेळू शकले नाहीत, पाठीच्या हाडाला तडा गेला होता. हे तुम्हाला सांगायचा अधिकार माझा नाही. तुम्ही त्यांचे वडील आहात.

पोर्टल हल्ली सगळेच वापरतात, मग दोष आम्हालाच का, असे तुमचे कर्मचारी विचारतील. त्यांना इंडियानाचे उदाहरण देतो, कारण पोर्टलच्या बाजूने सगळे तेच देतात. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात एके काळी सर्वाधिक पराभवांचा इतिहास मिरवणारे हे विद्यापीठ कर्ट सिग्नेटी यांनी दोन वर्षांत राष्ट्रीय विजेते केले. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी मायामीला २७-२१ हरवले. पोर्टलमधून त्यांनीही भरपूर खेळाडू आणले, पण आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून बरेच जण एकत्र आणले, म्हणजे ओळख मोडू दिली नाही. आणि लाइन पाहा. लेफ्ट टॅकल कार्टर स्मिथ इंडियानातच वाढलेला. लाइनचे प्रशिक्षक बॉब बॉस्टॅड सिग्नेटींच्या आधीपासूनचे. नव्या मुख्य प्रशिक्षकाने इतर पुष्कळ बदलले, त्यांना ठेवले. पळणारे मात्र बाहेरून आले, रोमन हेम्बी मेरीलँडहून, केलॉन ब्लॅक जेम्स मॅडिसनहून. म्हणजे विजेत्या संघाने धावणारे बाजारातून घेतले आणि लाइनचा गाभा घरचा राखला. या गोष्टीला एक शेपूट आहे, ते तुम्हाला बोचेल. त्याच लाइनमध्ये कलील बेन्सन होता. तो मूळचा इंडियानाचाच. २०२४ मध्ये एक वर्षासाठी तुमच्याकडे आला, देशात सगळ्यांत कमी धावणाऱ्या लाइनमध्ये खेळला, आणि मग परत गेला. माणूस तोच होता, त्याच्या शेजारचे आणि त्याला शिकवणारे बदलले.

२०२५ च्या ३-९ विषयी फार लिहीत नाही. शेडूर आणि हंटर व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर झाकलेले उघडे पडणारच होते. स्वतः पळू शकणारा कायडन सॉल्टर क्वार्टरबॅक म्हणून आल्याने धावेचा आकडा सुधारला. तरी युटाविरुद्ध मध्यंतरापर्यंत संघाचे एकूण यार्ड, पास आणि धाव मिळून, उणे १८ होते आणि फलक ४३-० दाखवत होता. आता तुम्ही ब्रेनन मॅरियन यांना आक्रमणाचे सूत्रधार नेमले आहे. क्वार्टरबॅकच्या एकाच बाजूला दोन पळणारे उभे करणारी त्यांची 'गो-गो' पद्धत पाहायला मजेची आहे, आणि नेवाडा-लास व्हेगासला तिच्या जोरावर पुष्कळ सामने जिंकता आले. निवड चांगली आहे. मला भीती एवढीच की या निवडीनेही फॉक यांच्यासारखेच होईल: पळणाऱ्याला नवा गुरू मिळाला, पळणाऱ्यांची नवी रचना मिळाली, आणि पुढचे पाच जण पुन्हा एकदा एकमेकांची नावे शिकत आहेत.

तुमच्या हातात साधने आहेत. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने तुमच्याशी पाच वर्षांचा ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला; एवढी मुदत लाइन वाढवायला पुरते. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला फुटबॉलचा वाटा रिसीव्हरवर किती आणि लाइनवर किती, हे तुम्ही ठरवता. माझे म्हणणे असे, की लाइनमनचे मानधन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी चढत जावे, म्हणजे थांबणे त्याच्या फायद्याचे होईल. येताना घसघशीत रक्कम आणि नंतर काही नाही, असा व्यवहार त्याला पुढच्या दाराकडेच ढकलतो. पोर्टलची वसंतातली खिडकी बंद झाली आहे. २०२६ मध्ये ती जानेवारीत २ ते १६ तारखेपर्यंतच उघडी होती. म्हणजे वसंताच्या सरावाला जे पाच जण शेजारी उभे राहतील तेच शरद ऋतूत राहण्याची शक्यता कधी नव्हे एवढी वाढली आहे. या नियमाचा सर्वांत मोठा लाभार्थी तुमच्यासारखा संघ व्हायला हवा. शाळेतून दरवर्षी चार-पाच लाइनमन घ्या, त्यांना दोन वर्षे मैदानावर उतरवायची घाई करू नका. आणि लाइनच्या प्रशिक्षकाला तीन वर्षांचा पक्का करार द्या, पहिल्या वर्षी सरासरी ८० राहिली तरी न मोडणारा. हे करताना पुढच्या हंगामात दोन-तीन सामने हरावे लागतील, पाठीराखे ओरडतील, दूरचित्रवाणीवरचे पंडित तुमची थट्टा करतील. तुम्हाला थट्टेचे भय कधीच नव्हते.

पुढच्या जानेवारीत पोर्टल उघडेल तेव्हा देशभरातले शंभर क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर तुमच्या फोनची वाट पाहत असतील. पहिले पाच फोन तुमच्याच सेंटरला, दोन्ही गार्डना आणि दोन्ही टॅकलना जावेत, आणि त्यांतल्या किती जणांनी थांबतो म्हटले ते कोलोरॅडोच्या पाठीराख्यांना जाहीरपणे कळावे, एवढी विनंती.

कळावे.

आपला,
एक मराठी प्रेक्षक